गाडीची मालकीण

मयेकर सर गाडीचा हॉर्न वाजवत नाहीत. रस्त्यात म्हैस येवो, माणूस येवो, भाजीची हातगाडी येवो, ते गाडी थांबवतात, काच खाली करतात, मान बाहेर काढतात आणि म्हणतात, "अहो, जरा." म्हशीलाही अहो. मागे रिक्षांची रांग लागते, रिक्षावाले तोंडाला येईल ते बोलतात. सर शांत. "मालकिणीला हॉर्न आवडत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्या शेजारी, कुंपणाला घातलेल्या चिऱ्याच्या गडग्याआड ही गाडी उभी असते. दुधी रंगाची, जुन्या चौकोनी बांध्याची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. पण रंगाचा एक टवका उडालेला नाही. आत बसायचं तर चपला काढून. पुढची डावी सीट रिकामी ठेवायची, आपण मागे. आणि गाडीबद्दल काहीही विचारा, रविवारी मिळेल का, सीटकव्हर कधी बदलणार, उत्तर ठरलेलं. "मालकिणीला विचारून सांगतो. मी आपला ड्रायव्हर."

मालकीण म्हणजे सरांची बायको, सुनंदा सिस्टर. मंडणगडच्या बाजूला आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निवृत्त होऊन इथे आल्या आणि तीन वर्षांपूर्वी गेल्या. "विचारून सांगतो" पहिल्यांदा ऐकणारा चपापतो. आम्ही आळीतले लोक सवयीने म्हणतो, "बरं, विचारा."

सरांची दुसरी खोड अक्षराची. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. अजून खिशात खडू असतो, आणि दुकानाच्या फळ्यावरचा वाकडा काना ते जाता जाता सरळ करतात. मी पत्रकं लिहिते. पाण्याची, रस्त्याची, कारखान्यांच्या सांडपाण्याची. मजकुराबद्दल सरांनी कधी अवाक्षर काढलं नाही, पण माझा हाताने लिहिलेला खर्डा दिसला की ते चष्मा काढून हातात धरतात. "काय गो पत्रकबाई, हे अक्षर की वाळूतून कुर्ली चालून गेली? अन्याय नंतर दूर कर, आधी वेलांटी नीट काढ."

आणि सिस्टरांचं एक वाक्य ते कुठेही लावतात. "आधी श्वास, मग केसपेपर." पेशंट धापा टाकत दारात आला की नाव-गाव विचारत बसायचं नाही, हा त्या बाईंचा नियम होता. सर तो हॉटेलात वापरतात. वेटर ऑर्डर घ्यायला आला की म्हणतात, "आधी पाणी आण रे. आधी श्वास, मग केसपेपर."

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी धूर सोडायला लागली. आरे-वारेच्या चढावर तर मागचा रस्ता दिसेना. त्या चढावरच्या वळणावर सर दर रविवारी गाडी उभी करतात, दहा मिनिटं समुद्राकडे बघतात आणि परत फिरतात. खाली उतरत नाहीत. सिस्टरांना पायाला वाळू लागलेली खपायची नाही, त्या गाडीतूनच समुद्र बघायच्या. आता पीयूसीवाल्याने धूर बघून कागद द्यायला नकार दिला, आणि त्या कागदाशिवाय गाडी रस्त्यावर आणणं सरांना जमणारं नव्हतं. रिकाम्या रस्त्यावरही वळताना हात दाखवणारा हा माणूस.

मिरजोळ्याला नझीरभाईंचं गॅरेज आहे. नझीरभाई सरांचे जुने विद्यार्थी. कागदपत्रांचं काही निघालं तर असावी, म्हणून सरांनी मलाही नेलं. इंजिन उघडून ठेवलेलं होतं.

"सर, ह्याचा बोअर तीनदा मारलाय. आता कापायला धातूच ऱ्हायला नाय," नझीरभाई म्हणाले. "ह्याच मॉडेलचं एक इंजिन हाय माझ्याकडं. अपघातातल्या गाडीचं, कागदांसकट. ते बसवू. मग तुम्ही थकाल, गाडी नाय थकणार."

सर हात मागे बांधून उघड्या इंजिनाकडे बघत राहिले. "त्याचा नंबर वेगळा असणार ना?"

"वेगळाच. आरसी बुकात बदलून घ्यायचा. अर्ज करायचा, मालकाची सही द्यायची, झालं."

सरांनी फडकं घेऊन हात पुसले. हात स्वच्छच होते. मग हळूच म्हणाले, "जुनाच नंबर त्याच्यावर ठोकता येतो का रे?"

नझीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पेटलेच. "सर, चोरीच्या गाड्यांना असे नंबर ठोकतात. तुम्ही हे विचारता? आपल्याला अडला की नियम मोडायचा, तर मग कारखान्यांना आपण कुठल्या तोंडाने जाब विचारायचा?" असली वाक्यं माझ्याकडे तयार असतात.

सरांनी गाडीच्या कप्प्यातून आरसी बुक काढलं आणि माझ्या हातात दिलं. मालकाचं नाव: सुनंदा वसंत मयेकर.

"तिच्या पगारातून घेतलेली गाडी," ते म्हणाले. "मी खरोखरच ड्रायव्हर."

रेशनकार्ड, बँक, मतदारयादी. सिस्टरांचं नाव कमी करायचे सगळे अर्ज त्या वर्षी मीच भरले होते. भराभर, एकही अर्ज परत न येता, आणि त्याचा मला अभिमान होता. हे पुस्तक सरांनी मला कधी दाखवलं नव्हतं.

"बाकी सगळीकडून तू तिला काढलंस," सर म्हणाले. रागाने नाही, वर्गात हजेरी घ्यावी तसे. "इथे ती अजून आहे. इथे सही तिचीच लागते."

नझीरभाई उगाचच पाना शोधायला लागले.

महिनाभर गाडी गॅरेजातच राहिली. सर रोज सकाळच्या बसने मिरजोळ्याला जायचे, गाडी पुसायचे, चपला काढून ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे आणि दुपारच्या बसने परत यायचे. नझीरभाईंनी विचारलं की उत्तर, "मालकीण अजून काही बोलली नाही."

शेवटी मीच म्हणाले, "सर, नका बदलू. गाडी तशीच आणून अंगणात ठेवा. काही बिघडत नाही."

"उभी?" सर म्हणाले. "अगो, ती बाई कधी एक मिनिट स्वस्थ उभी राहिली होती का?"

त्यानंतर चार दिवसांनी ते आमच्या पडवीत आले. हातात दोन अर्ज. एक गाडी स्वतःच्या नावावर करण्याचा, दुसरा इंजिन बदलण्याचा.

"मालकीण हो म्हणाली," ते म्हणाले. "आधी श्वास, मग केसपेपर. गाडीला धाप लागलीय, आणि नियम तिचाच. तिला कसा मोडता येणार?"

दोन्ही अर्ज त्यांच्या अक्षरात होते. प्रत्येक काना ओळंबा लावल्यासारखा सरळ. मी वाचत गेले. पहिल्या अर्जात मधेच थोडी जागा कोरी होती. "सदर वाहनाच्या मालक सौ. सुनंदा वसंत मयेकर यांचे", मग ती जागा, आणि पुढे "झाले असल्याने".

"सर, एक शब्द राहिलाय."

"राहिला नाही. ठेवलाय." त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तो तू लिही. माझ्या अक्षरात फार स्पष्ट दिसतो."

मी पेन घेतलं. सर गडग्यापलीकडच्या आपल्या रिकाम्या अंगणाकडे बघत उभे राहिले. मी तो शब्द लिहिला, होईल तेवढ्या वाईट अक्षरात.

सरांनी कागद घेतला, वाळेपर्यंत हातात धरला आणि घडी घातली. वेलांटीबद्दल ते काही बोलले नाहीत.