कोहळे सर लेख मागे घेतात

उन्हाळ्याची सुट्टी लागली त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता कोहळे सरांनी नऊ वर्षांपूर्वी एका संशोधन मासिकात छापून आलेला आपला लेख मागे घ्यायचं ठरवलं. तशी मागणी कोणी केली नव्हती. लेखात चूक आहे हे तोवर फक्त त्यांना माहीत होतं. पाच मिनिटांनी मलाही कळलं, कारण मी त्यांच्या कुंपणापलीकडे राहतो.

नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, सर तपासणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. धंतोलीच्या एका दवाखान्यात त्यांनी आपला रक्तदाब तीन वेगळ्या यंत्रांवर मोजायला लावला. डॉक्टर वैतागले. "काका, तुम्ही पेशंट आहात की इन्स्पेक्टर?"

"तीन यंत्रं, तीन आकडे," सर म्हणाले. "तुम्ही गोळी कोणत्या आकड्याची देऊन राहिले?"

माझ्या पुतणीला स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने पंच्याण्णव टक्के जुळतं असं सांगितलं. सरांनी विचारलं, "उरलेले पाच टक्के कुठं हायेत? नखात असले तर चालते. जिभेत असले तर?" ते स्थळ पुढे गेलं नाही.

सर कॉलेजात प्रथिनांची मॉडेलं करायला शिकवतात. प्रथिन म्हणजे दुव्यादुव्यांची साखळी. ती कशी दुमडते यावर तिचं काम ठरतं. आकार माहीत नसेल तर ज्याचा आकार माहीत आहे असं नात्यातलं प्रथिन शोधायचं, त्याला साचा धरायचा, दोन्ही साखळ्या दुव्याला दुवा जुळवायच्या आणि त्यावर मॉडेल बांधायचं. सर हे एका वाक्यात सांगतात: "भावाच्या मापावर आपला शर्ट शिवायचा. मग घालून पाहायचा, बगलेत लागते काय."

बांधायला त्यांच्या वर्गात दोन तास मिळतात, तपासायला दोन महिने. आता संगणक असला आकार काही मिनिटांत देतो, असं एका तरुण प्राध्यापकाने त्यांना सुनावलं. "देते ना," सर म्हणाले. "वरून म्हणते, मले खात्री हाय. त्याले खात्री हाय म्हणून म्या काहून मानू?"

तर सोमवारी असं झालं. लेखातल्या प्रथिनाची खरी रचना परदेशातल्या एका प्रयोगशाळेने प्रयोग करून जाहीर केली. सरांनी पडद्यावर आपलं मॉडेल तिच्यावर ठेवलं. बाकी सगळं नीट बसलं, पण औषध जिथे चिकटायचं त्या खोबणीपाशी साखळी एक घर सरकली होती. जुळणी करताना एक दुवा मोजायचा राहिला होता. दुमडीचे कोन बरोबर, सगळ्या चाचण्या पास, आणि खोबणी चुकीची.

लेखावर दोन नावं होती. पहिलं प्रणाली डहाके, सरांची तेव्हाची विद्यार्थिनी. आता ती एका कॉलेजात कंत्राटावर शिकवते. जूनमध्ये तिची कायम होण्याची मुलाखत होती आणि फाइलमध्ये पहिला हाच लेख होता. सरांनी फोन केला. ती दुसऱ्या दिवशी स्वतः आली. मी तेव्हा सरांच्या व्हरांड्यात बसलो होतो.

"सर, नऊ वर्षं कोणी पाहिलं नाही."

"म्या पाहिलं ना वं."

"जुलैत मागे घ्या. एवढंच म्हणते मी."

"तोवर कोणी त्या खोबणीवर औषध बसवून राहिला असला तर?"

"कोणी नाही बसवत, सर! तो लेख कोण वाचते? तुम्ही अन् मी!"

"मग दोघांनी तरी खरा वाचू."

ती उभी राहिली. "जुळणी मी केली होती, हातानं. तुम्ही नुसती सही केली. चूक माझी म्हणून छापून येईल. कमिटी मला काय विचारेल, तुम्हाला माहीत आहे." तिने चपला घातल्या. समोर ठेवलेला चहा तसाच होता.

विभागप्रमुखांनीही फोन करून समजावलं; कॉलेजचं नाव जाईल, म्हणाले. सर म्हणाले, "जाऊ द्या. चुकीच्या खोबणीत बसलेलं नाव काय कामाचं?"

बुधवारी सर मासिकाला लिहिलेलं पत्र घेऊन माझ्याकडे आले. मी तीस वर्षं वर्तमानपत्रात मजकूर तपासला आहे, म्हणून भाषा पाहायला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की सदोष जुळणी दुसऱ्या लेखकाने केली. पहिल्या लेखिकेचा त्या जुळणीशी संबंध नाही. दुसरा लेखक म्हणजे सर.

मी म्हणालो, "सर, जुळणी तर प्रणालीने केली होती. माझ्यासमोर म्हणाली ती."

"तुमचं काम काय हाय? स्वल्पविराम. ते पाहा."

मी दोन स्वल्पविराम बदलले.

नियमाप्रमाणे मसुदा संमतीसाठी प्रणालीकडे गेला. तिची सही त्याच दुपारी आली. सोबत मजकूर नव्हता. लेख मागे घेतल्याची सूचना तीन आठवड्यांनी छापली गेली. चुकीपुढे एकच नाव होतं. जूनअखेरीस प्रणाली कायम झाली. हे मी तिच्या कॉलेजात विचारून पक्कं केलं आणि सरांना सांगितलं.

त्यांना तिचा फोन आलेला नाही.