झाकून न्यायची चाकं

आमच्या रोह्याजवळच्या वरसे गावातल्या वामनशेठकडून मोटारसायकलची चाकं रंगवून घेतली, तर ती कापडात झाकून मिळतात. वर ताकीद असते, "वाटेत उघडायची नाय. घरी नेऊन दारातच उघडायची." वामनशेठ मूळचे पेणचे, लहानपण गेलं गणपतीच्या कारखान्यात. मूर्ती झाकून न्यायची, हे अंगात इतकं भिनलेलं की रोह्याला येऊन पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची पूड धातूवर भाजून बसवायची, भट्टी टाकली तरी सवय सुटली नाही.

गिऱ्हाइकाने मागितलेला रंग ते सहसा देत नाहीत. आधी माणूस न्याहाळतात, मग त्याच्या चपला. "ग्लॉस पायजे? रोज पुसणार काय? नाय ना? मग खरखरीत टेक्श्चर घ्या, चिखल उडला तरी कळत नाय." खांब गावच्या एका नवरदेवाने कारची चाकं सोनेरी मागितली. "बायकोला इचारलंत?" तो बिचारा बायकोला घेऊन आला आणि चाकं करडी झाली. मी माझ्या क्रॅशगार्डला चकचकीत लाल मागितला.

"मास्तर, गाडी कुठं लावता?"

"चिंचेखाली."

"मग पाखरांना इचारलंत?"

मलाही मॅट करडाच मिळाला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

एका बाबतीत तर ते कुणाचंच ऐकत नसत. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवल्याशिवाय भट्टीत काही जायचं नाही.

वामनशेठची बायको, आमच्या वहिनी, वारल्यापासून त्यांची मोपेड भट्टीमागे तशीच उभी होती. लेकीला, रेवतीला, एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा तिने ती मागितली. जगाचे रंग चुटकीसरशी ठरवणारा हा माणूस रोज नवं कारण सांगू लागला. आज पावडर संपली, उद्या भट्टी नीट तापत नाही. शेवटी रेवती वैतागली. "बाबा, सोमवारपासून शिफ्ट हाय. तुमच्याच्यानं व्हत नसंल तर ही भंगारात द्या, मी नवी घेते."

रविवारी त्यांनी मला अंगणात बोलावलं. मोपेड वहिनींच्या सुती साडीखाली झाकलेली होती. रेवतीने साडी ओढली. आत निळा, लखलखीत ग्लॉस!

"वामनशेठ, रोज पुसणार कोण?" मी चिमटा काढला.

"मी हाय ना."

पाय ठेवायचा पत्रा मात्र जुनाच होता. रेवतीने बोट दाखवलं, तर ते दुसरीकडे बघत म्हणाले, "तिथं पावडर बसत नाय."

जुना रंग उतरवला असता तर बसली असती, एवढं त्यांच्याकडे बसून बसून मलाही कळू लागलं होतं. त्या पत्र्यावर डावीकडे वहिनींच्या चपलेने रंग झिजून पावलाएवढी जागा उघडी पडली होती. त्या जागेला हात लावायला वामनशेठ धजले नव्हते.

रेवतीच्याही ते ध्यानात आलं असावं. गाडीवर बसताना तिने डावा पाय जपून, त्या जागेच्या बाजूला टेकवला.

"बाजूला कशाला?" वामनशेठ म्हणाले. "तिथंच ठेव गो पाय."