उसनी सजावट

आमची सुमनआत्या बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. त्याच्या अंगावरचं कापड दोन बोटांत धरून चोळत बसते. मी शिकवतो त्या शाळेचे मुख्याध्यापक पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी ओळख करून देत होतो आणि आत्या सरांची बाही चोळत होती. "टेरिकॉट हाय," ती मला म्हणाली, "आटायचा नाय." सर चहा न घेताच उठले.

तिची उमेदीची सगळी वर्षं मुंबईत साड्यांना फॉल-पिको करण्यात गेली. नवरा वारल्यावर ती पोलादपूरला परत आली. मुलगा मुंबईजवळ दिव्याला, त्याचा संसार तिकडे. पोलादपूरला आत्या एकटी, आम्ही महाडला. काहीही विकत आणायचं म्हटलं की तिचं एक ठरलेलं वाक्य असतं : "इकत कशाला? लोकांकडं काय कमी हाय?"

या वाक्याचा पुरता अर्थ मला माझ्या मुलीच्या, प्रणालीच्या लग्नात कळला.

मंगलपरिणय गावच्या बुद्धविहारात आणि संध्याकाळी रिसेप्शन महाडला, असं ठरलं होतं. जावई बिरवाडीचा, कारखान्यात कामाला. त्यांची माणसं भरपूर, म्हणून हॉल मोठा लागला. नदीकडचा एक परवडला. का परवडला, ते आत गेल्यावर दिसलं. चारी भिंतींवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ, माझ्या खांद्याच्याही वर, आणि खाली रंगाचे पोपडे. डेकोरेशनवाला मान वर करून एक चक्कर मारून आला आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून माझी बायको संगीता स्टेजच्या पायरीवर मटकन बसली.

आत्या भिंत चोळून बघत होती. "हिला नुसता कापूड पायजे," ती म्हणाली. "इकत कशाला? चावी द्या माझ्याकडं. पन मधी कुनी बघायला यायचा नाय."

आम्ही हो म्हटलं. लग्नघरातला माणूस कशालाही हो म्हणतो.

लग्नाच्या दिवशी आत्या सजावटीसाठी महाडलाच थांबली, घराची चावीही तिच्याकडेच होती. लग्न लावून दुपारी गावाहून महाडला घरी आलो, तर घराला पडदेच नव्हते. रस्त्यावरून थेट आमचा फ्रिज दिसत होता. "चोरी झाली!" संगीता ओरडली. पण टीव्ही होता, कपाट बंद होतं. गेले होते ते फक्त पडदे, चादरी आणि सोफ्याची कव्हरं. तेवढ्यात शेजारच्या जाधववहिनी आल्या. "भाऊजी, मच्छरदाणी कधी मिळेल? आत्या म्हणाल्या, तुम्ही मागवलीय." मी कसली मच्छरदाणी मागवतोय! त्यांच्यामागे आणखी चार-पाच जणी उभ्या होत्या. कुणाच्या साड्या गेल्या होत्या, कुणाच्या ओढण्या. मग फोन वाजला. दाताचे डॉक्टर होते. "गुरुजी, तुमच्या आत्या आमच्या दवाखान्याचा पडदा काढून घेऊन गेल्या. पेशंट आ करून बसलाय आणि बाहेर लोक बघतायत."

तसाच हॉलकडे पळालो.

दारातच थबकलो. पुराची रेघ कुठे दिसतच नव्हती. भिंतींना चुण्या घालून पडदे लावलेले. मधल्या झुंबरापासून चारी बाजूंना साड्या ताणलेल्या, पिवळ्याजवळ केशरी, केशरीजवळ लाल. मच्छरदाण्यांचे फुगे करून त्यांत बारके दिवे सोडलेले. स्टेजमागे डॉक्टरांचा हिरवा पडदा, त्यावर पांढऱ्या ओढण्यांची फुलं. एका खांबाला मात्र सशांची चित्रं असलेली कुणाच्या तरी बाळाची दुपटी गुंडाळली होती.

आत्या शिडीवर होती, ओठांत टाचण्या धरून.

"आत्या, अगं हे सगळं लोकांचं आहे!"

तिने टाचण्या हातात घेतल्या. "मंग? लोकच येनार हायेत ना?"

"न विचारता आणलंस?"

"इचारला की. तुझ्या नावानं."

संध्याकाळी मी दारात हात जोडून उभा राहिलो ते शिव्या खायच्या तयारीने. पहिल्या आल्या जाधववहिनी. त्यांनी वर बघितलं. "अगोबाई, माझी मच्छरदाणी!" असं म्हणत त्यांनी जावयाच्या आईला हाताला धरून आत नेलं. "ती बघा, दिवा पेटलाय ना, ती आमची." थोड्याच वेळात सगळा हॉल माना वर करून आपापलं शोधत फिरायला लागला. डॉक्टरांनी सहकुटुंब पडद्यासमोर फोटो काढून घेतला. नवरा-नवरीकडे कुणी बघेना. मी हात जोडलेलेच, ते सोडायचं मला सुचेना.

सगळं कापड टेम्पोत भरून आत्या पोलादपूरला घेऊन गेली. धुऊन देते म्हणाली. मग सुरू झालं परत करणं. रोज सकाळच्या एसटीने महाडला यायचं, एक पिशवी, एक घर. कापड धुतलेलं, इस्त्री केलेलं, उसवलेलं असेल तर शिवलेलं. बसायचं, चहा घ्यायचा, परत जायचं. महिना झाला तरी निम्म्या घरांचं देणं बाकीच. डॉक्टरांचे फोन चालूच होते.

शेवटी एका रविवारी मी टेम्पो घेऊन पोलादपूरला गेलो. खोलीभर घड्यांचे ढीग होते. तिला झोपायलाही जेमतेम जागा उरली होती.

"आत्या, दे सगळं. एका फेरीत वाटून टाकतो. किती हेलपाटे घालशील?"

आत्याने जवळच्या ढिगावर हात ठेवला. "एकदम?"

"मग काय!"

"काल एका बाईची चादर दिली," ती म्हणाली. "पोहे केलेन तिनं. सुनेचं बाळंतपन, नवऱ्याचा गुडघा, सगळा सांगत बसली." ती घडीची कड सारखी करत होती. "तू एकदम नेलास, तर उद्या सकाळी मी कुनाकडं जाऊ रे?"

टेम्पोवाल्याचं भाडं देऊन त्याला परत पाठवलं. डॉक्टरांचा तेवढा पडदा काखेत मारून एसटीने घरी आलो.

संगीताने विचारलं, "आपले पडदे?" मी झालेलं सांगितलं. तिने पोलादपूरला फोन लावला.

"आत्या, उद्या आमच्याकडे या. काही आणू नका. नुसत्या या, जेवायला."

पलीकडून आत्या म्हणाली, "येते. सुकट कर गो."