म्हात्रेवयनींचं इंजिन

शेजारच्या म्हात्रेवयनींकडे मी एकदा वाटीभर तांदूळ मागायला गेले. त्यांनी डबा पुढे केला. मी वाटी खुपसली तर टणकन आवाज झाला आणि तांदळातून पिस्टन निघाला.

"ऱ्हाऊ द्या त्याला तितंच," वयनी म्हणाल्या. "तांदलात दमट लागत नाय. तुमी बाजूशी घ्या."

मी बाजूने घेतले. धुतले मात्र जरा जास्तच.

वयनी उरणकडच्या खाडीकाठच्या गावातल्या. त्यांचे यजमान दामोदरभाऊ मोरा बंदरावर बोटीतून उतरणाऱ्या माणसांना आपल्या गाडीतून गावोगाव सोडायचे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ थांबलं, आणि उभ्याउभ्या गाडीचं इंजिनही बसलं. औषधपाण्याला बरं म्हणून दोघं करंजाड्याला आमच्या सोसायटीत राहायला आले. गाडी भंगारात द्या, असं सगळ्यांनी सांगितलं. वयनींनी ती गॅरेजवाल्या शंकरकडे नेऊन इंजिन खोलायला लावलं. घरातून सुकट-बोंबील विकायचे आणि पैसे जमले की एक पार्ट आणायचा. शंकरच्या गॅरेजचा कोपरा अडला तो अडलाच. वयनी दिसल्या की तो गल्ली बदलायला लागला.

"वयनी, कधी होणार हो?" कधी समोरासमोर गाठ पडून त्याने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "होल हलू हलू."

भिशीच्या दिवशी कोणी नवे कानातले दाखवत होतं. वयनी म्हणाल्या, "मी पन रिंगा घेतल्या." बायका पुढे सरसावल्या. वयनींनी पिशवीतून पिस्टनच्या रिंगा काढून हातोहात फिरवल्या. कुलकर्णीबाईंनी तर एक कानाला लावूनही पाहिली.

घासून आणलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला लांब जड दांडा, बेडरूमच्या कोपऱ्यात जुन्या साडीत गुंडाळून उभा असायचा, कारण आडवा ठेवला तर वाकतो म्हणे. माझ्या सासूबाईंनी कुठली तरी देवी समजून त्याला वाकून नमस्कार केला. वयनींनी अडवलं नाही. "करू द्या," त्या मला हळूच म्हणाल्या. "गारीला कोनाचा तरी आशीर्वाद पायजे."

एकदा मी त्यांच्याबरोबर पनवेलला पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार दुकान कायमचं बंद करत होता. गॅस्केट, बेअरिंग, ऑइलपंप, सगळं एकदम घेतलं तर निम्म्यात देतो म्हणाला. वयनींच्या पर्समध्ये तेवढे पैसे होते, मी पाहिले.

"गॅस्केट द्या फकस्त," वयनी म्हणाल्या.

रिक्षात मी त्यांना चांगलंच सुनावलं.

घरी दामोदरभाऊ खिडकीशी खुर्चीत बसले होते. वयनींनी गॅस्केट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर जमिनीवर बसल्या.

"अवो, ह्यो भोक कसाला?"

भाऊंनी डाव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली. बराच वेळ गेला. मग शब्द आले, एकेक करत. "पानी... जातं... तितून."

"आन उलटा लावला त?"

"तापंल." भाऊंचा चेहरा जरा उजळला. "एकदा... मोऱ्याला... धूर..."

धुराची ती गोष्ट पुरी व्हायला अर्धा तास लागला. वयनी मधेमधे मुद्दाम खुळ्यासारखं काहीतरी विचारत होत्या.

मग स्वयंपाकघरात चहा गाळताना म्हणाल्या, "डाक्टर बोलला, त्यांना बोलतं ठेवा. पोरांचा इषय काढला, शेतीचा काढला, तोंड उघडला नाय. पयला पिस्टन हातात दिला तवा बोलले. एक पार्ट आठ-धा दिवस पुरतो. सगलं एकदम आनलं त एका सांजेला सपून जाल."

मी भाऊंचा कप उचलून बाहेर नेला.

गेल्या महिन्यात इंजिन जुळलं. शंकरने सोसायटीच्या फाटकाशी गाडी आणून चालू केली. भाऊंना खुर्चीसकट खाली आणलं होतं. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. शंकर तर सुटल्यासारखा हसत होता.

वयनी तेवढ्या हसत नव्हत्या. त्या बॉनेटला कान लावून उभ्या राहिल्या.

"गिअरबॉक्स आवाज करतो," त्या म्हणाल्या.

"वयनी, गिअरबॉक्स एकदम ओके आहे," शंकर म्हणाला. "मी स्वतः चालवून आणली ना."

वयनींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "अवो, मना आवाज येतो. तुमाला?"

भाऊंनी मान कलती करून ऐकलं. मग गाडीकडे नाही, वयनींकडे बघत राहिले.

"येतो," ते म्हणाले. "खोलाय... लागंल."