शुद्ध हवेचा सत्कार

सगीराबाईंच्या पत्राला आप्पासाहेबांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र लहानसं होतं: "माझे मिस्टर शफी तुमच्या ग्राइंडिंग खात्यात आहेत. रात्रभर खोकतात. डॉक्टर विचारतात, तिथं धूळ किती? साहेब, तेवढं लिहून द्या."

आप्पासाहेब वाळूजच्या त्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. पुस्तकं वाचण्यात पटाईत, तोंड उघडण्यात कच्चे. मोजल्याशिवाय लिहायचं काय, म्हणून पत्र खिशातच फिरत राहिलं.

अखेर धूळ मोजायची दोन यंत्रं पारखायला आली. एक स्वस्त, एक महाग. पंप कमरेला, नळीचं तोंड कॉलरला. माणूस ओढतो तीच हवा यंत्र ओढणार आणि धूळ आतल्या गाळणीवर साठणार.

"दोन्ही एकाच वेळी शफीच्या अंगावर लावतो!" आप्पासाहेबांनी छाती फुगवली. "खोटं कोण बोलतं ते शेंबडं पोरही सांगेल!"

शफीला त्यांनी दहादा बजावलं, "उजवीकडचं लई महाग आहे. जिवापाड जप!"

"जपतो ना, साहेब!"

निकाल आला. स्वस्त यंत्र म्हणत होतं, धूळ मर्यादेच्या तिप्पट. महाग यंत्राच्या मते खात्यात महाबळेश्वर!

मॅनेजर तात्यासाहेब खुर्चीतून उडालेच. "स्वस्त ते बिघडलेलं! महागच घ्या. आणि धूळ ओढणारा तो पंखा मागवला होता ना? रद्द!"

"पण साहेब... कदाचित..."

"आप्पासाहेब, तुम्ही पुस्तकं वाचा!"

आप्पासाहेबांची कानशिलं तापली. पण राग त्यांनी कडू काढ्यासारखा गिळला. चार दिवसांत गेटावर 'आमची हवा, शुद्ध हवा' अशी पाटी लागली. मांडव पडला. यंत्रं अंगावर बाळगली म्हणून शफीचा सत्कार ठरला. हार गळ्यात पडला आणि शफीला अशी उबळ आली, की झेंडूच्या पाकळ्या थेट तात्यासाहेबांच्या चहात!

"अरे, तोंडाला रुमाल धर!" तात्यासाहेब खेकसले.

"रुमाल नाय ना, साहेब." शफी धापा टाकत म्हणाला. "त्या दिवशी महागाच्या यंत्राच्या तोंडाला बांधला. काळाकुट्ट झाला, धुतला तरी निघंना."

"यंत्राला बांधला?" आप्पासाहेब किंचाळले.

"तुम्हीच बोल्ले ना, जिवापाड जप! धूळ जाऊन बिघडलं असतं तर? माझं काय, मी तर रोजचाच हाय."

आप्पासाहेबांच्या आत वर्षानुवर्षं तुंबलेलं काहीतरी फुटलं. "ऐकलंत? यंत्राला रुमाल आणि माणसाला काहीच नाही! झाली तुमची तुलना! स्वस्त यंत्र खरं बोलत होतं. पंखा बसेपर्यंत एक चाक फिरणार नाही. फिरवून दाखवा!" स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले, पण तसेच खात्यात गेले आणि मेन स्विच पाडून आले.

तात्यासाहेबांनी तिथल्या तिथं पंख्याची ऑर्डर पुन्हा फोनवर दिली. शफीची बदली स्टोअरमध्ये झाली.

मग आप्पासाहेबांनी उत्तर लिहिलं: "धूळ मर्यादेच्या तिप्पट. डॉक्टरांना हेच दाखवा. उशिराबद्दल माफी." खाली सही, शिक्का. अजून धुसफुसतच ते पोस्टाच्या पेटीपाशी गेले. काय ही माणसं! वस्तूला जपतात, जिवाला नाही!

लिफाफा पेटीत जाईना. पाहतात तर त्यांनीच तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, वर दोन रबरबँड लावलेले. वाटेत धूळ लागू नये म्हणून!

इकडेतिकडे पाहत त्यांनी पिशवी सोडवली आणि पत्र आत टाकलं.