गजभियेंची परवानगी

आमच्या ऑफिसात रजा मंजूर करून घेणं सोपं आहे. अर्ज लिहायचा, साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. साहेब न वाचता सही करतात. अवघड असते ती गजभियेंची परवानगी.

गजभिये साहेब नाहीत आणि साहेबांचे कोणी लागतही नाहीत. मध्यप्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या नहर विभागात (कालव्याला इथे सगळे नहरच म्हणतात) ते आवक-जावक कारकून आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांवर शिक्के मारायचे, एवढंच काम. पण त्यांना न सांगता तुम्ही घरी राहिलात, की संध्याकाळी तुमच्या फाटकापाशी त्यांची जुनी मोपेड धापा टाकत येऊन थांबणार. गजभिये आत येणार, चपला दाराशी सरळ लावून ठेवणार आणि तुमच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघणार. तुम्हाला ताप असला तर त्यांचा चेहरा खुलतो. नसला तर म्हणतात, "मले सांगाले काय झालतं?"

याहून जास्त ते रागावत नाहीत. ते वाक्य तेवढं तुमच्या घरात सोडून निघून जातात. ते तिथे आठवडाभर फिरत राहतं.

आमचे टेंभरे एकदा साळ्याच्या लग्नासाठी किरनापूरला गेले, गजभियेंना न सांगता. गजभियेंना घराला कुलूप दिसलं. शेजाऱ्यांकडे चौकशी करून ते तसेच मोपेडवर किरनापूरला पोचले आणि मांडवात टेंभऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले. वधूपक्षाला वाटलं, कोणी निमंत्रण न मिळालेले मानकरी रुसून आलेत. त्यांनी हात धरून पहिल्या पंगतीला बसवलं. गजभिये पोटभर जेवले, हात धुतले आणि मग टेंभऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मले सांगाले काय झालतं?"

माणूस खरंच आजारी असला, तर ते उशाशी बसून दिवसभराचं ऑफिस ऐकवतात. कोण आलं, कोण गेलं, कोणत्या पंख्याने आवाज धरला, कोणाच्या डब्यात काय होतं. "तुमच्या खुर्चीवर एक ठेकेदार बसून राह्यलता, मी उठवलं त्याले," हे शेवटी. माणसं लवकर बरी होतात. कंटाळून होतात की आणखी कशाने, ते मला सांगता येणार नाही.

बांधा बारीक, वय पन्नाशीच्या पुढे, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गळ्यापर्यंत बटणं. वडील भंडाऱ्याकडून इकडच्या, बालाघाटातल्या खैरलांजीला आले आणि तिथलेच झाले. भावाचं कुटुंब अजून तिथे आहे. गजभिये इथे एका खोलीत एकटे राहतात. लग्नाचं कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, बस चुकल्याचं सांगावं तसं.

आता थोडं माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी या ऑफिसचा हेड क्लार्क, सगळे बडे बाबू म्हणतात. मी फार कमी बोलतो. माझी बायको सुनंदा म्हणते, की माझ्याशी बोलणं म्हणजे अर्ज देऊन उत्तराची वाट बघणं. तर या न बोलण्याच्या आड मी एक गोष्ट बरीच वर्षं लपवून ठेवली. मला सिवनीला पदोन्नती आली होती. एकदा नाही, दोनदा; पहिली बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसरी हल्लीच. दोन्ही वेळा मी नकार लिहून दिला आणि घरी सांगितलं, की भोपाळवाले आपल्यासारख्यांकडे बघत नाहीत. सुनंदा तेव्हापासून भोपाळला शिव्या देते. टीव्हीवर भोपाळचं हवामान लागलं तरी देते. मी खाली मान घालून जेवतो.

सिवनीला मोठं क्वार्टर मिळालं असतं, बसायला वेगळी खोली मिळाली असती. पण तिथे मी एखाद्या दिवशी गेलो नसतो तर कोणाला राग येणार होता? खरं सांगायचं तर मी इतकी वर्षं ना सरकारसाठी वेळेवर गेलो, ना पेन्शनसाठी. दाराशी बसलेले गजभिये आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघतात, म्हणून गेलो. पण हे बायकोला कसं सांगायचं? दुसरी बाई असती तर निदान ओळखीचं तरी प्रकरण झालं असतं.

या दोन नकारांच्या मधल्या काळात नवे साहेब आले. तरुण इंजिनियर, कुटुंब भोपाळला, इथे सरकारी बंगल्यात एकटे. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि तिथून परतले ते चेहऱ्यावर तेज घेऊनच. कर्मचाऱ्यांत उत्साह नाही, तो आणायचा, असं त्यांनी बैठकीत जाहीर केलं. व्हरांड्यात हिरव्या मखमलीचा फलक लागला, वर पितळी अक्षरं: 'माह का सर्वश्रेष्ठ कर्मचारी'. दर महिन्याला सगळ्यांनी गुप्त चिठ्ठ्या टाकायच्या आणि निवडून येईल त्याचा फोटो त्या फलकावर.

गजभियेंनी फलक नीट निरखला आणि म्हणाले, "हे तं बारी लावाचं काम हाय." मग ते टेबलाटेबलाशी फिरले आणि चिठ्ठीवर कोणाचं नाव लिहायचं ते सांगून आले.

पहिली बारी, म्हणजे पाळी, जीपचा ड्रायव्हर मरकाम याची लागली. त्याच्या मुलीला स्थळ आलं होतं आणि मुलाचा बाप ठेकेदारीच्या कामाने आमच्याकडे यायचा. त्याने व्हरांड्यात मरकामचा फोटो पाहिला आणि सोयरीक जुळली. तेव्हापासून फलकाच्या सामर्थ्याबद्दल कोणालाच शंका उरली नाही. पुढच्या महिन्यात श्रीवास मॅडम, कारण सून ऑफिसात जाऊन करते काय, असं त्यांच्या सासूबाई वाड्यात विचारत सुटल्या होत्या. सासूबाई ऑटोने येऊन फोटो बघून गेल्या. तिसऱ्या महिन्यात टेंभरे निवडून आले. हर्नियाच्या ऑपरेशनमुळे ते महिनाभर ऑफिसात आलेच नव्हते.

साहेबांनी चिठ्ठ्या पुन्हा मोजायला लावल्या. मग म्हणाले, "ये तो पूरे महीने आए ही नहीं."

"सर, इसी लिए तो," गजभिये म्हणाले.

माझाही नंबर लागला. सिवनीला दुसऱ्यांदा नकार कळवला होता तेव्हाचा तो महिना. मी कोणाला काही बोललो नव्हतो, पण बडे बाबू उदास दिसून राह्यले, एवढं गजभियेंनी सगळीकडे पोचवलं होतं. फोटोचंही मी घरी सांगितलं नाही.

गंमत म्हणजे काम खरंच वाढलं. मरकाम रोज जीप धुऊ लागला. टेंभरे हर्नियातून उठले ते इतके शरमून, की त्यांच्या टेबलावर पिवळ्या पडलेल्या फायली एकापाठोपाठ एक निघाल्या. साहेबांनी वर अहवाल पाठवला, की स्पर्धेमुळे उत्साह वाढतो. आम्ही कोणी स्पर्धा केली नव्हती, पण साहेबांचा आनंद बघण्यासारखा होता.

मग वरून आदेश आला, की इथला एक बाबू जंगलातल्या बिरसा गावच्या उपविभागात पाठवा. इथली एखादी जागा रिकामी असती तर माणसाऐवजी ती जागाच तिकडे वळवून भागलं असतं, पण तशी नव्हती. साहेबांना अन्याय करायचा नव्हता. बैठकीत ते म्हणाले, की फलकावर ज्याचा फोटो एकदाही लागला नाही, तो जाईल. सगळ्यांनी माना खाली घातल्या. असं नाव एकच होतं. प्रत्येक महिन्यात आणखी कोणाची तरी गरज मोठी निघाली होती.

गजभियेंनी बिरसाला फोन लावून चौकशी केली. दुपारी डबा उघडताना मला म्हणाले, की जंगलाचं काही नाही, डासांचंही नाही, पण तिथे ऑफिसात दुसरं कोणी नाही, एकच चौकीदार आहे आणि त्याले ऐकू येत नाही. असं सांगून ते हसले. डबा मात्र तसाच बंद करून ठेवला.

त्या दिवशी टपाल बिनशिक्क्याचं पडून राहिलं. पुढेही ते येत होते, खुर्चीत बसत होते, पण घड्याळाकडे बघत नव्हते. गुरुवारी श्रीवास मॅडम आल्या नाहीत. शुक्रवारी आल्या आणि पर्स टेबलावर ठेवायच्या आधी मला म्हणाल्या, "कल गजभिये जी घर आए ही नहीं." आवाजात तक्रार होती. लोक उशिरा येऊ लागले. टेंभऱ्यांच्या फायली पुन्हा चढू लागल्या. साहेब फलकाकडे बघत व्हरांड्यात फेऱ्या मारायचे.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती, जी कोणालाच माहीत नव्हती. सिवनीचा आदेश तिसऱ्यांदा आला होता. मी गेलो तर माझी जागा रिकामी होणार आणि गजभियेंना कुठे जावं लागणार नव्हतं. त्यांच्याजवळ बसता यावं म्हणून मी दोनदा गेलो नाही, आणि आता ते इथे राहावेत म्हणून मलाच जायचं होतं. कमी बोलणारा माणूस निर्णयही सावकाश घेतो. दोनदा मी साहेबांच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आलो.

शेवटी टेंभऱ्यांना सोबत घेतलं आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. बाऱ्या कशा लावल्या, हर्निया कसा निवडून आला, सगळं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी गजभियेंना बोलावलं आणि विचारलं, "सबका लगवाया, अपना क्यों नहीं लगवाया?"

गजभियेंनी हिंदीत सुरुवात केली, मग सोडून दिली आणि आमच्याकडे हात केला.

"साहेब, फोटो लागला का मानूस घरी जाऊन सांगते. मी कोनाले सांगू? ह्यायलेच सांगा लागन. अन् हे तं मले रोजच पाह्यतेत."

साहेबांना मराठी फारशी येत नव्हती. त्यांनी मला अर्थ विचारला नाही. टेबलावरचा पेपरवेट थोडा वेळ फिरवत राहिले. तेव्हा मी म्हणालो, की मी सिवनीला जातो. आयुष्यात इतकं छोटं वाक्य बोलून इतका दमलो नव्हतो.

बिरसाचं रद्द झालं. गजभिये माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

घरी सुनंदाला सांगितलं. तिसऱ्या वेळचं सांगताना पहिल्या दोन वेळांचंही सांगावं लागलं. ती बराच वेळ गप्प राहिली. ते काम आमच्या घरात माझं, त्यामुळे मला काय करावं सुचेना. मग ती म्हणाली, "म्हणजे भोपाळला मी इतकी वर्षं उगाच शिव्या दिल्या?"

मी हो म्हटलं.

"असं काय आहे हो तुमच्या त्या ऑफिसात? मला बघायचंय."

माझ्या शेवटच्या दिवशी ती आली. गजभियेंनी तिला दारातच गाठलं, "या वैनी" म्हणाले आणि स्वतः फिरवून सगळं दाखवलं. हा पंखा, ही खिडकी, इथून शेतातली धानाची बांधी दिसते, इथं बडे बाबू बसतेत. मी मागून चालत होतो. फलकापाशी ते थांबले आणि एकेका फोटोची हकिगत सांगू लागले. मरकामची मुलगी, सासूबाईंचा ऑटो, हर्निया. माझा फोटो आला तेव्हा सुनंदाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

शेवटी एक फोटो नवा होता. त्या महिन्याच्या चिठ्ठ्या आम्ही गजभियेंच्या माघारी टाकल्या होत्या, आणि साहेबांनीही टाकली होती.

"आणि हे?" सुनंदाने विचारलं.

"हा मीच," गजभिये म्हणाले. "आज लागलो."

सुनंदाने पर्समधून चष्मा काढला, पदराने पुसला, लावला आणि फोटोपाशी जाऊन सावकाश बघू लागली. तिचं बघून होईपर्यंत गजभिये शेजारी ताठ उभे होते.