सहावी ढेप

हिल्डा संटरच्या स्वयंपाकघरात टेबलावर चीजच्या सहा ढेपा होत्या आणि शेजारी बारा पानांचा दाखला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून यॉर्कशरच्या चीजला समुद्र ओलांडायचा तर जनावरांच्या डॉक्टरची सही लागत होती. समुद्रापलीकडच्या गेंट शहरातला दुकानदार एकोणीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. मागच्या दोन खेपा कागदांपायी परत आल्या, तेव्हा त्याने स्पष्टच कळवलं, की या वेळी माल आला नाही तर तो डच चीज ठेवणार.

डॉक्टर ऑल्डरसन लागू नसलेल्या ओळी निळ्या शाईने खोडत होते. प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी सही, सहीशेजारी शिक्का.

"उंटिणीचं दूध?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर, आमच्या गायी तुम्हीच तपासता ना!"

"तपासतो. पण विचारावं लागतं."

उंट खोडेपर्यंत अकरा वाजले. हिल्डाच्या नवऱ्याने, क्लिफर्डने, चहा केला, फळांचा केक कापला. क्लिफर्ड भला माणूस. घरातले बहुतेक घोटाळे अशाच माणसांकडून होतात. आमच्या खोऱ्यात पाहुण्याला चीजशिवाय केक देत नाहीत, म्हणून हाताशी असलेल्या ढेपेतून त्याने ऐसपैस तुकडा कापला. डॉक्टरांनी तो मिटक्या मारत संपवला आणि चष्मा पुसला.

"आता पाचच राहिल्या की हो."

"खाल्लंत तुम्हीच!" हिल्डा म्हणाली.

"म्हणून तर खात्रीने सांगतोय."

सहाचे पाच झाले. वजन बदललं, तेही तीन पानांवर. शिक्क्याची शाई संपली. ती आणायला डॉक्टर गावात जाऊन आले. ट्रकवाला अंगणात हॉर्न वाजवत राहिला. तीन वाजता शेवटचा शिक्का बसला, क्लिफर्डने खोका बांधला आणि ट्रक गेला. हिल्डाला रडू येईल इतकं हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी समुद्रापलीकडच्या बंदरावरून एका अधिकारी बाईंचा फोन आला. हिल्डाने तो स्पीकरवर लावला.

"दाखला उत्तम आहे. पण तो पाच ढेपांचा. खोक्यात सहा आहेत."

हिल्डाने नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, दुकानदाराने सहा मागवल्या होत्या," क्लिफर्ड म्हणाला. "फळीवरची एक टाकली मी. एकोणीस वर्षांत कुणाला कमी दिलंय का आपण?"

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "दाखला नसलेली कुठली ते सांगा. तेवढी काढून ठेवते, बाकीच्या पाच सोडते."

हिल्डा "डावीकडची" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात क्लिफर्डने फोन घेतला.

"ओळखूच येणार नाही, मॅडम!" तो अभिमानाने म्हणाला. "आमची एक ढेप दुसरीपासून वेगळी काढून दाखवा, बक्षीस देतो!"